दिसत नाही ते दुखणे



हात मोडून प्लास्टरात गेला तर बसमध्ये कोणीतरी उठून जागा देतो. शेजारीण डबा आणून देते. साहेबसुद्धा आपण होऊन म्हणतो, "आठ दिवस येऊ नका." पुरावा कोणी मागत नाही, कारण तो गळ्यातल्या झोळीत सर्वांना दिसत असतो. पण ज्याचा हात वरून धडधाकट आणि आतून रात्रंदिवस ठणकतो, त्याने काय करावे? त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा, आणि किती ठेवावा? हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, आपला नव्हे, असे आम्ही पुष्कळ दिवस समजत होतो. अनुभवाने आम्हांला कळले की तो नीतीचा प्रश्न आहे, आणि प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. म्हणून चार गोष्टी लिहीत आहोत.

आम्ही २०१२ साली ओमानमध्ये मस्कतजवळच्या गाला या भागात नोकरीस गेलो. गाला बौशर विलायतीत येते. एका बाजूस उघडे, तपकिरी डोंगर. दुसऱ्या बाजूस मोटारींची शोरूम, गॅरेजे, गोदामे आणि कामगारांच्या राहण्याच्या जागा. आम्ही मोटारीच्या सुट्या भागांच्या एका गोदामात स्टोअरकीपर होतो. काम समजायला सोपे: माल उतरवून घ्यायचा, रॅकवर लावायचा, मागणी आली की काढून द्यायचा. रॅक छतापर्यंत. त्यामुळे दिवसातले तीन-चार तास हात डोक्याच्या वर. ओमानमध्ये १ मे २०१३ पासून आठवड्याची सुटी गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार झाली, आणि आमच्या कंपनीनेही तीच धरली. ज्यांच्या वाडवडिलांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, त्यांच्यातल्या एकाला अरबस्तानात शनिवार आपोआप मिळावा याची आम्हांला मोठी गंमत वाटे. पुढे या शनिवारची खरी किंमत कळली.

२०१६ च्या पावसाळ्याच्या सुमारास (पावसाळा तिकडे कॅलेंडरात, बाहेर ऊन) उजवा हात बिघडू लागला. आधी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर. मग मानेपासून कोपरापर्यंत एक ओढ. हात वर धरला की दोन-तीन मिनिटांत मुंग्या येत, हात शिशासारखा जड होई, आणि खाली घेतल्यावर कळ उठे. रात्री कुशीवर झोपणे बंद झाले. शर्टाचे बटण लावताना बोटे चुकू लागली.

मग डॉक्टरांचा शोध सुरू झाला. परदेशात नोकरी करणाऱ्यास हा शोध कसा असतो ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कंपनीने दिलेले विम्याचे कार्ड ज्या पॉलिक्लिनिकात चालेल तिथेच जायचे. स्पेशालिस्ट हवा तर मंजुरी यायला हवी. मंजुरी येईपर्यंत सुटी संपते. पहिल्या डॉक्टरांनी स्नायू आखडला म्हणून मलम व गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी मानेचा मणका सांगितला, पट्टा दिला. तिसऱ्यांनी मनगटातली नस दबली असेल म्हणून विजेची तपासणी करवली. ती नॉर्मल आली. मानेचा एमआरआय काढला. वयाच्या मानाने जेवढी झीज असायची तेवढीच निघाली. चौथ्या डॉक्टरांनी फाइल चाळली, आमच्याकडे न बघता म्हणाले, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. घरच्यांपासून लांब राहता, टेन्शन घेऊ नका."

ते वाईट हेतूने बोलले नाहीत. पण त्या दिवशी बाहेर पडल्यावर आम्ही रस्त्याकडेला बराच वेळ उभे राहिलो. कारण मनात पहिल्यांदा शंका आली, की खरेच दुखते आहे ना? हे आपल्या मनाचे खेळ तर नव्हेत? दुसऱ्यांनी अविश्वास दाखवला की माणूस चिडतो, भांडतो. पण तोच अविश्वास एकदा आत शिरला की माणूस आपल्याच हाताकडे संशयाने बघू लागतो. हे दुखण्यावरचे दुसरे दुखणे, आणि त्याला मलम नाही.

गाल्यात गरम पाण्याचा एक झरा आहे. आपल्याकडे पालीजवळ उन्हेऱ्याला आहे तसा. कोणीतरी सांगितले म्हणून तिथेही जाऊन आलो. उबेने तासभर बरे वाटले, एवढेच. ठाण्याला आईला फोन केला. ती चार इयत्ता शिकलेली. तिने रिपोर्टाचे विचारले नाही. तिने विचारले, "रात्री झोप लागते का रे?" आम्ही म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग एलियाहू हन्नाबीचा मलिदा बोलते मी. आणि सुटी काढून इकडे ये." इतक्या महिन्यांत आमचे म्हणणे जसेच्या तसे खरे धरणारे हे पहिले माणूस.

आता या रोगाविषयी थोडे सांगतो, कारण नाव कळायलाच आम्हांला वर्ष लागले. त्याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. गळ्याखालचे आडवे हाड, ज्याला कॉलरबोन म्हणतात ते, आणि छातीची पहिली बरगडी यांच्यामध्ये एक अरुंद वाट असते. मानेतून निघालेल्या मज्जातंतूंची जुडी आणि हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्या या वाटेवरून किंवा तिच्या अगदी लगतून हातात उतरतात. मानेचे स्नायू आखडले, जाड झाले, खांदे पुढे झुकले, अपघातात मानेला झटका बसला किंवा जन्मतः एखादी जास्तीची बरगडी असली, तर ही वाट आणखी चिंचोळी होते. ही जास्तीची मानेची बरगडी शंभरांत फार तर एकाला असते, आणि असूनही बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. दाब कशावर येतो त्यावरून रोगाचे तीन प्रकार. शंभरांतल्या नव्वदांहून अधिक रोग्यांत दाब मज्जातंतूंवर असतो. थोड्यांत नीलेवर, म्हणजे हातातले रक्त परत नेणाऱ्या वाहिनीवर. अगदी क्वचित रोहिणीवर.

इतिहास जुना आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात कूट नावाच्या सर्जनने १८६१ साली मानेची जास्तीची बरगडी काढली होती. १९२७ साली अमेरिकेत ॲडसन आणि कॉफी यांनी बरगडीला हात न लावता मानेचा स्नायू कापण्याचा मार्ग दाखवला. आजचे नाव १९५६ साली मेयो क्लिनिकच्या पीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केले. त्यांचा तो लेख शस्त्रक्रियेवर नव्हता, व्यायामाच्या उपायांवर होता. पुढे १९६६ साली रूस यांनी काखेतून पहिली बरगडी काढण्याची पद्धत मांडली, आणि अशा शस्त्रक्रिया पुष्कळ होऊ लागल्या.

आणि तेव्हापासून डॉक्टरांमध्येच वाद. काही सर्जन म्हणत, हा रोग लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ आढळतो, ओळखलाच जात नाही. विल्बर्न यांच्यासारखे मज्जातंतूंचे जाणकार म्हणत, ज्यांच्या तपासणीत काहीच सापडत नाही अशांनाही हे नाव चिकटवले जाते आणि नको तिथे बरगडी काढली जाते. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. मान विशिष्ट रीतीने वळवून नाडी बंद होते का हे पाहण्याची ॲडसन यांची जुनी चाचणी आहे. पण ती पुष्कळ निरोगी माणसांतही तशीच येते. उलट, खरोखर दुखणाऱ्या कित्येकांची विजेची तपासणी अगदी स्वच्छ येते. २०१६ साली अमेरिकेतल्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनांच्या संस्थेने निदानाचे एकसारखे नियम मांडले, ते याचसाठी की सर्वांनी एकाच मापाने मोजावे. तरीही होय की नाही हे एका झटक्यात सांगणारे यंत्र आजही नाही. डॉक्टराला शेवटी रोग्याचे बोलणे ऐकावे लागते आणि हाताने तपासावे लागते.

हे वाचल्यावर आमचा त्या चौथ्या डॉक्टरांवरचा राग पुष्कळसा उतरला. जिथे जाणकारांतच मतभेद तिथे गाल्यातल्या दवाखान्यात दहा मिनिटांत त्यांनी काय ओळखावे? पण राग उतरला तरी प्रश्न उरलाच. त्यांचे काही चुकले होते का? चुकले असेल तर नेमके काय?

आमच्या मते इथे तीन प्रश्न एकात एक गुंतलेले असतात, ते वेगळे करावे लागतात. पहिला, दुखते आहे काय? दुसरा, कशाने दुखते? तिसरा, त्यावर काय करावे? पहिल्या प्रश्नाला रोग्याच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नाही, आणि कधी असणारही नाही. माझी कळ तुम्हांला माझ्या सांगण्यावरूनच कळणार. दुसऱ्या प्रश्नाला मात्र रोग्याचा शब्द पुरत नाही. तिथे तपासणी, शिक्षण, अनुभव हवा. तिसऱ्याला सर्वांत जास्त सावधगिरी हवी, कारण काढलेली बरगडी परत बसवता येत नाही. घोटाळा होतो तो दुसऱ्याचे उत्तर पहिल्याला लावल्यामुळे. "कारण सापडत नाही" याचे "दुखत नाही" असे भाषांतर होते. डॉक्टर एवढे म्हणाले असते, "तुम्हांला दुखते हे खरे, कशाने ते मला कळलेले नाही," तर त्यांचे ज्ञान काडीभर कमी झाले नसते आणि आम्ही रस्त्यावर तसे उभे राहिलो नसतो.

रोगीही याच्या उलट चूक करतो, आणि आम्हीही ती केली. "मला दुखते हे खरे, म्हणून मी म्हणतो तेच कारण खरे, आता कापा," असे म्हणून तो दार बदलत फिरतो आणि हवे ते उत्तर देणारा भेटेपर्यंत थांबत नाही. दुखण्याबाबत शब्द आमचा. कारणाबाबत मात्र आम्हीही ऐकून घ्यायचे असते.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण जगात खोटे बोलणारे नाहीत काय? आहेत. गोदामात आठवड्याच्या पहिल्या दिवशी कोणाची तरी कंबर हमखास दुखत असे, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. पण हिशेब मांडून पाहावा. खोटे बोलणाऱ्यावर विश्वास ठेवला तर एक दिवसाचे काम बुडते. खरे बोलणाऱ्यावर अविश्वास दाखवला तर एक माणूस खचतो. शिवाय अविश्वासाने खोटेपणा कमी न होता वाढतो. साधे सांगून कोणी ऐकत नाही असे दिसले की माणूस आवाज चढवतो. आम्ही स्वतः एका डॉक्टरपुढे दुखत होते त्यापेक्षा जास्त कण्हलो आहोत. लाज वाटते, पण लिहितो.

याहून वाईट गोष्ट मात्र आम्ही केली ती लपवण्याची. त्या काळी ओमानमध्ये जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र नसेल तर नोकरी सोडणाऱ्यास दोन वर्षे परत येऊन दुसरीकडे लागता येत नसे. ही अट १ जानेवारी २०२१ पासून गेली. हात कामाचा नाही असे कळले तर घरी पाठवतील, ही भीती आम्हांला होती. ठाण्याला घराचे हप्ते चालू होते. म्हणून आम्ही डॉक्टरांकडे जास्त सांगत होतो आणि गोदामात काहीच सांगत नव्हतो. एकच हात, दोन ठिकाणी दोन हकिकती.

आमच्या हाताखाली बिहारच्या सिवान जिल्ह्यातला वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा होता. आम्हांला चाचा म्हणे. २०१७ च्या जानेवारीत आम्ही शिडीवरून ब्रेक डिस्कचे खोके खाली देत होतो. हात एकाएकी सुन्न झाला आणि खोके सुटले. ते त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर आदळले. आवाज ऐकून फोरमन धावत आला. खोके फुटलेले, मुलगा खाली उभा. फोरमनला वाटले त्याच्या हातून निसटले. त्याने त्याला वाटेल तसे बोलून घेतले आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापतो म्हणाला. आम्ही शिडीवर उभे होतो. एक शब्द बोललो नाही.

मुलगाही काही बोलला नाही. संध्याकाळी आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, तू सांगायचे होतेस." तो हिंदीत म्हणाला, "चाचा, तुमचा हात दुखतो हे मला दिवाळीपासून माहीत आहे. वरच्या रॅकचा माल मी सकाळी लवकर येऊन खाली काढून ठेवत होतो. आज राहिला."

आम्हांला वाटत होते की आमचे काम हलके झाले ते नशिबाने. हा मुलगा तीन महिने अर्धा तास आधी येत होता. त्याने एमआरआय पाहिला नव्हता. रोगाचे नाव त्याला आजही ठाऊक नसेल. आम्ही उजव्या हाताने चहाचा पेला धरत नाही एवढे त्याने पाहिले, आणि ते त्याला पुरले. त्याच्या विश्वासाची आम्ही शिडीवर उभे राहून अशी परतफेड केली होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांकडे जाऊन खोके कोणाच्या हातून पडले आणि का, ते सर्व सांगितले. ते खूष झाले नाहीत. "डॉक्टरचा कागद आणा," म्हणाले. पण मुलाचा कापलेला पगार पुढच्या महिन्यात लावून दिला, आणि पंधरा दिवसांनी आम्हांला काउंटरवर बसवले. ज्या भीतीने इतके महिने गप्प राहिलो ती खरी ठरली नाही. ठरलीही असती, हे आम्ही जाणतो, कित्येकांची ठरते. तरी सांगायला हवेच होते. आपले दुखणे आपल्याजवळ ठेवणे हा सोसणाऱ्याचा मोठेपणा आहे, असे लहानपणी ऐकले होते. ज्या लपवण्याने दुसऱ्याच्या पायावर खोके पडू शकते त्याला सोसणे म्हणता येत नाही.

तेव्हा आमच्या मते दुखणाऱ्याचेही कर्तव्य ठरलेले आहे. आहे तेवढेच सांगावे, सर्वत्र तेच सांगावे. ऐकणाऱ्याने विश्वास द्यावा, पण त्या विश्वासाला पात्र राहणे सांगणाऱ्याकडे.

सांगण्यात भाषेचाही अडसर असतो, तो परदेशी राहणाऱ्या आपल्या लोकांस विशेष. मराठीत दुखण्याला किती शब्द! ठणका, कळ, चमक, ओढ, मुंग्या, बधिरपणा, हात भरून येणे, आंबून जाणे. गाल्यातल्या दवाखान्यात आम्ही इंग्रजीत एकच शब्द बोलत होतो, 'पेन'. इस्राएलला गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचे तसेच: कुपात खोलीममध्ये डॉक्टरपुढे 'कोएव', दुखते, यापुढे गाडी जात नाही. मज्जातंतू दबल्याची खूण 'मुंग्या' या शब्दात असते आणि तीच भाषांतरात गळून जाते. म्हणून आम्ही एक वही केली. कधी दुखले, काय करताना, किती वेळ, कोणत्या बोटांत, काय केल्याने उतरले. ही वही पुढे सर्व रिपोर्टांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

त्या वर्षी सुटीत मुंबईस गेलो. परळला एका वयस्क सर्जननी फाइल बाजूला ठेवली आणि आधी वही वाचली. मग म्हणाले, "दोन्ही हात वर करा, कोपरे मागे, मुठी उघडा-मिटा. तीन मिनिटे." ही रूस यांची चाचणी. दीड मिनिटातच उजवा हात खाली आला. आम्हांला हसू आले. ठाण्याहून व्ही.टी.पर्यंत लोकलच्या कड्याला धरून आम्ही वीस वर्षे हीच चाचणी रोज देत आलो होतो! एक्स-रेत जास्तीची बरगडी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "मज्जातंतू मानेच्या खाली दबत असावेत असे मला वाटते. शंभर टक्के सांगत नाही. कापण्याची घाई नको. चार-सहा महिने व्यायाम नीट करा, मग बघू." त्यांनी खात्री दिली नाही, तरी आम्ही फार हलके होऊन बाहेर पडलो. तिन्ही प्रश्नांची त्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली होती.

रोजचे जगणे कसे बदलले तेही सांगतो. कोणाच्या उपयोगी पडेल. गाल्यात परतल्यावर एक फिजिओथेरपिस्ट बाई मिळाल्या. त्यांनी पोटाने श्वास घ्यायला शिकवले, कारण उथळ श्वासात मानेचे स्नायू बरगडी सतत वर ओढत राहतात. खांदे मागे-खाली आणणे, मानेचे हलके ताण, तेही कळ न उठेल इतकेच. बॅग खांद्यावर अडकवणे बंद. सामान दोन पिशव्यांत वाटून, तेही थोडे. मोटारीचे स्टिअरिंग खालून धरायचे. झोपताना हात उशीखाली किंवा डोक्यावर नाही. पाठीवर झोपून हाताखाली लहान उशी. कपडे दोरीवर टाकायचे तर दोरी खाली बांधायची. रोज वापरायचे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणायचे. एकदम खूप काम आणि मग तीन दिवस आजारी, असे न करता दर अर्ध्या तासाने थांबायचे. आणि शनिवारी खरोखर काही उचलायचे नाही. देहाला सातव्या दिवशी विसावा का सांगितला असेल, हे आम्हांला सिनेगॉगपेक्षा खांद्याने जास्त समजावले.

एक सावधगिरी मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी. हात एकाएकी सुजून निळसर झाला, किंवा थंड-पांढरा पडला, तर ते रक्तवाहिनीचे काम असू शकते. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जावे. डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छाती भरून आली, घाम सुटला, तर आधी हृदय तपासावे. अशा वेळी वही लिहीत बसू नये.

आमचा हात पूर्ण बरा झाला काय? नाही. सत्तर टक्के म्हणावा. शस्त्रक्रिया लागली नाही. थंडीत आणि धावपळीत अजून आठवण करून देतो. आणखी किती डॉक्टर पाहावेत, हा प्रश्न घरात निघतो. आम्ही असे ठरवले आहे: नवे काही लक्षण दिसले तर जरूर जावे, जुन्याच दुखण्याला केवळ नवा शब्द मिळावा म्हणून जाऊ नये. शोध थांबवणे याचा अर्थ हार मानणे असा आम्ही घेत नाही. शोधात जाणारा वेळ आता जगण्याकडे वळवला, इतकेच.

शेमोतच्या सतराव्या अध्यायातली रफीदीमची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात वर करून उभा राहिला. हात वर असला की इस्राएलची सरशी, खाली आला की अमालेकाची. पण मोशेचे हात जड झाले. ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी लक्ष लढाईकडे असे. आता लक्ष अहरोन आणि हूर यांच्याकडे जाते. मोशेचे हात खरेच जड झाले आहेत का, हे त्यांनी तपासले नाही. इतक्यात कसे थकलास, असेही विचारले नाही. त्यांनी एक दगड आणून त्याला खाली बसवले, आणि एकाने एका बाजूने, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. मोशेनेही, मी पुढारी आहे, मला काही होत नाही, असा आव आणला नाही. तो दगडावर बसला.

आज आपला समाज चहूकडे पांगला आहे. दिमोना, अश्दोद, लोद, लंडन, टोरोंटो, ठाणे. प्रत्येक ठिकाणी आपल्यातले कोणीतरी म्हातारे माणूस परक्या भाषेत 'दुखते' एवढेच म्हणून घरी परत येत असेल, आणि घरची मंडळी म्हणत असतील, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे." त्यांना एवढीच विनंती, की रिपोर्टाविषयी नंतर विचारा. रात्री झोप लागते का, ते आधी विचारा. मग त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा आणि त्यांच्या मुंग्या, ठणका, कळ यांचे नीट भाषांतर करा. वरच्या फळीवरचे डबे, न सांगता, खाली काढून ठेवा.

सिवानचा तो मुलगा २०१९ साली गावी परतला. त्याच्या लग्नाला जाणे आम्हांला जमले नाही. आईने बोललेला मलिदा मात्र त्याआधीच झाला होता, आणि त्याचे ताट आम्ही दोन्ही हातांनी धरले होते.